चार अक्षरांमागचा पूर्ण शब्द

बारामतीत कोणालाही ‘महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र कोठे आहे?’ असे विचारून पाहावे. समोरचा गृहस्थ क्षणभर गोंधळेल. तेच ‘एमआयडीसी कोठे?’ असे विचारले, तर शाळकरी मूलही हात करून दिशा दाखवील. १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमान्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी हे महामंडळ स्थापन झाले. त्याचे मूळ नाव सरकारी कागदांत राहिले आणि इंग्रजी नावाची चार आद्याक्षरे आपल्याकडे जणू गावाचे नाव होऊन बसली. ‘मुलगा कोठे असतो?’ या प्रश्नाला ‘एमआयडीसीत’ एवढे उत्तर पुरते. इंदापूर तालुक्यात लोणी देवकरलाही याहून वेगळे ऐकू येत नाही.

या चार अक्षरांचा विस्तार ठाऊक नसल्याने कोणाचेही काही बिघडत नाही. परंतु व्यापारी कुटुंबाच्या दप्तरात रोज येणारी कित्येक लघुरूपे अशी निरुपद्रवी नसतात. बिलावर, खरेदीच्या आदेशावर, कर्जाच्या करारावर, आयकराच्या नोटिशीत ती असतात आणि त्यांच्या पोटात पैशाचा, मुदतीचा व जबाबदारीचा हिशेब दडलेला असतो. बँकेत कर्जखात्यांचे कागद हाताळण्यात माझी हयात गेली. मोठ्या रकमेचा आकडा दोनदा वाचणारे सावध व्यापारी त्याच पानावरील तीन अक्षरांवरून सहज नजर पुढे नेतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून या वेळी इंग्रजी लघुरूपांविषयी चार शब्द.

प्रथम त्यांचे प्रकार पाहू. काही लघुरूपे अक्षरे सुटी उच्चारून वाचली जातात. एमआयडीसी, जीएसटी, टीडीएस ही त्यांतली. काहींचा स्वतंत्र शब्दच बनतो. पर्मनंट अकाउंट नंबर या तीन शब्दांचे ‘पॅन’ झाले. ‘रडार’ आणि ‘लेझर’ हेही असेच आद्याक्षरांतून जन्मलेले शब्द; ते इतके रुळले, की त्यांच्यामागे इंग्रजी शब्दांची रांग आहे हे इंग्रजही विसरले. तिसरा प्रकार शब्द आखडून लिहिण्याचा. लिमिटेडचे ‘लि.’, कंपनीचे ‘कं.’, डेबिटच्या बाजूचे ‘डी.आर.’ हे त्यात येतात. उलट, लघुरूपासारखे दिसणारे सगळेच लघुरूप नसते. बारामतीत पियाजिओच्या कारखान्यात बनणाऱ्या तीनचाकीवरील तीन रोमन अक्षरे इंग्रजी वाचणाऱ्यास वानर वाटतील; प्रत्यक्षात तो मधमाशी या अर्थाचा इटालियन शब्द आहे.

इंग्रजीला नावे ठेवण्यापूर्वी आपली परंपराही आठवावी. आपल्या आजोबांची पत्रे ‘सा.न.वि.वि.’ने सुरू होत आणि ‘ता.क.’ने संपत. पाकिटावर ‘मु.पो.’ असे. लग्नपत्रिकेत ‘चि.सौ.कां.’ आजही असते. आपल्या धार्मिक पत्रिकांत ‘प.पू.’ आणि ‘वी.नि.सं.’ प्रत्येकास कळतात. त्याहून जुने उदाहरण ‘असिआउसा’ या मंत्राक्षरांचे. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू या पंचपरमेष्ठींची ती पाच आद्याक्षरे आहेत. ती उच्चारणाऱ्याच्या मनात पाचही पदे पूर्ण उभी असतात. किंबहुना ती असतात म्हणूनच पाच अक्षरे पुरेशी होतात. लघुरूपाची खरी अट हीच आहे. लिहिणारा आणि वाचणारा या दोघांनाही पूर्ण शब्द ठाऊक असेल, तर लघुरूप वेळ वाचवते. एकालाच ठाऊक असेल, तर दुसरा त्याच्या हाती सापडतो.

याचे एक बोलके उदाहरण आपल्या बिलबुकातच छापलेले असते. जुन्या वहीत हिशेबाखाली ‘चू.भू.द्या.घ्या.’ लिहीत. चूकभूल द्यावी घ्यावी. मारवाडी आणि गुजराती पेढ्यांवरही ‘भूलचूक लेणीदेणी’ या अर्थाचे शब्द असत. आज त्या जागी इंग्रजीत ‘ई. अँड ओ.ई.’ छापलेले असते. त्याचा विस्तार एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड, म्हणजे चुका व राहून गेलेल्या बाबी वगळून. दोन्ही एकच आहेत असे आपण मानतो, पण त्यांच्या रोखात फरक आहे. आपल्या वाक्यात देणे आणि घेणे दोन्ही आहे. चूक कोणाच्याही बाजूने निघो, दोघांनी ती दुरुस्त करायची. इंग्रजी वाक्यात बिल देणारा केवळ स्वतःसाठी जागा राखून ठेवतो. भाषांतर झाले, पण एक बाजू गळाली. बिल नवे छापून घेताना या चार अक्षरांऐवजी मराठी वाक्य छापण्यास कोणताही कायदा आड येत नाही.

इंग्रजीतील कित्येक लघुरूपे मुळात इंग्रजीही नाहीत. ती लॅटिन आहेत. सकाळचे ‘ए.एम.’ व दुपारनंतरचे ‘पी.एम.’ लॅटिन, क्रमांकासाठीचे ‘नं.’ लॅटिन ‘न्यूमेरो’वरून, आणि पौंड वजनासाठी लिहिले जाणारे ‘एल.बी.’ हेही लॅटिन ‘लिब्रा’पासून. यांतील दोन जोडगोळ्या व्यवहारात महत्त्वाच्या आहेत. ‘ई.जी.’ म्हणजे उदाहरणार्थ, ‘आय.ई.’ म्हणजे अर्थात. खरेदीच्या आदेशात ‘पॅकिंगचे साहित्य, ई.जी., पुठ्ठ्याची खोकी’ असे लिहिले असेल, तर खोकी हा केवळ एक नमुना झाला. पट्ट्या, पिशव्या, चिकटपट्टीही त्यात येऊ शकते. तेथे ‘आय.ई.’ असेल, तर पॅकिंगचे साहित्य म्हणजे खोकीच, दुसरे काही नाही. एका अक्षराच्या फरकाने पुरवठ्याची व्याप्ती बदलते. इंग्रजी शिकलेली आपली मुले ही दोन लघुरूपे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. त्यांना हा फरक जरूर सांगावा.

दुसरी अडचण अशी, की अक्षरे तीच राहतात आणि विस्तार बदलतो. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, ते शेठ वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मले. त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेडची स्थापना केली. तीच ‘एचएएल’. १९६४ मध्ये दुसऱ्या एका सरकारी कंपनीशी विलीनीकरण झाले आणि नाव हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड असे झाले. मधला शब्द बदलला, पण त्याचे आद्याक्षर तेच असल्याने लघुरूपास धक्काही लागला नाही. आज ‘एचएएल’ म्हणणाऱ्या दहांपैकी किती जणांना या नावामागे आपल्या पंचक्रोशीशी नाते सांगणारा एक माणूस दिसतो, हे ज्याचे त्याने स्वतःस विचारावे.

याच्या उलट, एकाच अक्षरांचे दोन पूर्ण शब्दही एका घरात सुखाने नांदतात. घरातील वहिनी ‘टीडीएस किती आला?’ असे विचारते, तेव्हा ती पाण्यात विरघळलेल्या क्षारांविषयी बोलत असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात हे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुकानातील भाऊ तेच विचारतो, तेव्हा तो बिलातून कापलेल्या कराविषयी बोलत असतो. मुलाची ‘एलसी’ म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. वडिलांची ‘एलसी’ म्हणजे बँकेचे पतपत्र. मोबाइलवर ‘डीपी’ म्हणजे छायाचित्र. बँकेत ‘डीपी’ म्हणजे ड्रॉइंग पॉवर, अर्थात माल व येणी यांच्या हिशेबावरून ठरणारी उचलीची मर्यादा. घरात याचे हसू होते. करारात हसू होत नाही.

करारातील पहिला नमुना मालवाहतुकीचा घेऊ. भाव कळवताना पुरवठादार ‘एफ.ओ.आर. बारामती’ लिहितो. मूळ शब्द फ्री ऑन रेल. माल रेल्वेत चढवून देईपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा. आता माल ट्रकने येतो आणि देशांतर्गत व्यापारात गावाच्या नावासह लिहिलेल्या या अक्षरांचा अर्थ त्या गावापर्यंतचे भाडे भावात धरलेले आहे, असा घेतला जातो. पण नुसते ‘एफ.ओ.आर.’ लिहून गावाचे नाव गाळले, तर वादाला जागा राहते. ‘एक्स-वर्क्स’ असेल, तर कारखान्याच्या फाटकापासून पुढचे भाडे, विमा आणि जोखीम घेणाऱ्याची. निर्यातीत तर अधिकच जपावे लागते. ‘एफ.ओ.बी.’ आणि ‘सी.आय.एफ.’ यांचे अर्थ आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने ठरवून दिले आहेत. या नियमांची पहिली आवृत्ती १९३६ ची, तर २०२० चीही एक आवृत्ती आहे. ‘सी.आय.एफ.’मध्ये किंमत, विमा व भाडे विकणारा भरतो. तेवढ्यावरून माल परदेशी बंदरात पोहोचेपर्यंत जोखीमही विकणाऱ्याचीच, असे अनेक जण समजतात. तसे नाही. माल येथील बंदरात जहाजावर चढला, की जोखीम घेणाऱ्याकडे जाते. वाटेत नुकसान झाले, तर विम्याकडे दाद मागायची. भाडे कोण भरतो आणि जोखीम कोणाची हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

दुसरा नमुना सध्या प्रत्येक पेढीवर चर्चेत असलेला आहे. ‘एमएसएमई’ म्हणजे मायक्रो, स्मॉल अँड मीडियम एंटरप्रायझेस. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग. यात ‘एम’ दोनदा येतो आणि सारा घोटाळा त्या दुसऱ्या ‘एम’चा आहे. २००६ च्या कायद्याने पुरवठादाराचे पैसे वेळेत देण्याचे बंधन घातले. लेखी करार नसेल, तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. करार असेल, तरी ४५ दिवसांहून अधिक मुदत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. २०२३ च्या वित्त अधिनियमाने त्यास आयकराची जोड दिली. मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. ज्या वर्षी ती प्रत्यक्ष दिली, त्या वर्षीच वजावट मिळते. मुदत उलटली, पण ३१ मार्चपूर्वी पैसे दिले, तर त्याच वर्षी वजावट मिळते, हेही ध्यानात ठेवावे.

आता पूर्ण शब्दाकडे पाहू. हे संरक्षण केवळ सूक्ष्म व लघू पुरवठादारांना आहे. मध्यम उद्योगांना नाही. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत असेल, तर तो उद्योग लघू. यांपैकी एकही मर्यादा ओलांडली, की तो त्या वर्गात राहत नाही. शिवाय आपल्या वाचकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की २ जुलै २०२१ च्या आदेशाने किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीची मुभा मिळाली, तरी तिचा लाभ बँकेच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरताच ठेवलेला आहे. दुकानात उद्यम प्रमाणपत्र टांगलेले आहे, म्हणून ‘आम्ही एमएसएमई आहोत, ४५ दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत’ असे व्यापारी म्हणू लागला, तर कायदा त्याच्या पाठीशी उभा राहीलच असे नाही. तेच प्रमाणपत्र सुटे भाग बनवणाऱ्या एमआयडीसीतील छोट्या कारखानदाराच्या हाती असेल, तर तो हक्काने मागू शकतो.

समजा, आपल्या भागीदारी पेढीने अशा एका लघू कारखानदाराकडून १० लाखांचा माल १ फेब्रुवारीला स्वीकारला. लेखी करार नाही. पैसे दिले २० एप्रिलला. जुन्या सवयीने हा उशीर फारसा वाटत नाही. सणासुदीचा हंगाम आला की देऊ, असे आपल्याकडे चालतच आले आहे. परंतु मार्चअखेरच्या हिशेबात हे १० लाख खर्चात धरता येणार नाहीत. पेढीस ३० टक्के कर लागतो. म्हणजे उपकर वगळता ३ लाखांचा कर त्या वर्षी अधिक. पुढील वर्षी वजावट मिळेल, पण तोवर ३ लाख रुपये अडकले. शिवाय पुरवठादाराने मागितल्यास व्याज द्यावे लागेल आणि त्या व्याजाची वजावट कधीच मिळणार नाही. कोणत्या पुरवठादाराला कोणता ‘एम’ लागू आहे, हे खरेदीच्या वेळीच त्याच्या उद्यम प्रमाणपत्रावरून पाहिले असते, तर हे सारे टळले असते. दिवाळीत वहीपूजन करताना पुरवठादारांच्या यादीपुढे सूक्ष्म, लघू, मध्यम की व्यापारी, एवढा एक रकाना वाढवावा. आपल्या सनदी लेखापालांचे कामही हलके होईल.

तिसरा नमुना बँकेचा. मुदत कर्जाचा हप्ता थकला, की खात्यास ‘एसएमए’ ही अक्षरे लागतात. स्पेशल मेन्शन अकाउंट, म्हणजे विशेष लक्ष ठेवण्याचे खाते. ३० दिवसांपर्यंत शून्य, ३१ ते ६० दिवस एक आणि ६१ ते ९० दिवस दोन अशा त्याच्या पायऱ्या आहेत. ९० दिवस उलटले, की खाते ‘एनपीए’, म्हणजे अनुत्पादक मालमत्ता होते. बँकेच्या पत्रात ‘एसएमए-२’ वाचून ‘काहीतरी तांत्रिक असेल’ असे म्हणत पत्र खणात ठेवणाऱ्यास ठाऊक नसते, की त्या दोनाच्या आकड्यात त्याचे अधिकाधिक ३० दिवस शिल्लक आहेत. त्यापुढे ‘सरफेसी’ची नोटीस येते. हा २००२ चा कायदा. त्याचे इंग्रजी नाव इतके लांबलचक आहे, की लघुरूपाशिवाय कोणी ते उच्चारीत नाही. परंतु नोटीस मिळाल्यापासून कर्ज भरण्यास ६० दिवस असतात, त्या काळात लेखी हरकत घेता येते आणि बँकेने हरकतीला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. तारणाचा ताबा घेण्याची कारवाई झाली, तर ४५ दिवसांत ‘डीआरटी’कडे, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. राहत्या घराचे तारण ज्यात गुंतले आहे, त्या कुटुंबाने हे दिवस मोजायचे असतात. नोटिशीच्या भीतीने ती न उघडणे, हा सर्वांत महाग मार्ग होय.

पेढीच्या नावाविषयीही एक गोष्ट. पाटीवर ‘अँड कं.’ लावल्याने पेढी कंपनी होत नाही. १९३२ च्या कायद्याखालील भागीदारीत पेढीचे कर्ज भागीदारांच्या खासगी मालमत्तेपर्यंत पोहोचते. ‘लि.’ या एका अक्षराचा अर्थ मात्र जबाबदारी मर्यादित असा आहे. मालकाचे दायित्व भागांच्या रकमेपुरते. तेही त्याने बँकेस वैयक्तिक हमी लिहून दिली नसेल तरच. हमीच्या कागदावर पत्नीची किंवा वृद्ध आईची सही घेताना तो कागद कशाचा, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगणे कुटुंबप्रमुखाचे कर्तव्य आहे.

आणि आईचा विषय निघालाच आहे, तर ‘केवायसी’ विसरता येणार नाही. नो युवर कस्टमर, आपल्या ग्राहकास ओळखा, एवढाच त्याचा साधा अर्थ. ओळखण्याचे काम बँकेचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कमी जोखमीच्या ग्राहकाची माहिती १० वर्षांतून एकदा अद्ययावत करावी लागते. ‘आज रात्री केवायसी बंद होणार, ओटीपी सांगा’ असा दूरध्वनी येतो, तेव्हा भामट्याचे निम्मे काम त्या न कळलेल्या अक्षरांनीच झालेले असते. ज्या आजींना ‘वन टाइम पासवर्ड’ म्हणजे तिजोरीची एकदाच चालणारी किल्ली, असे नातवाने समजावून दिले आहे, त्या ती किल्ली अनोळखी माणसास देणार नाहीत.

या साऱ्यावर उपाय अवघड नाही. पूर्वी प्रत्येक पेढीवर पत्त्यांची वही असे. तशीच एक शंभर पानी वही लघुरूपांसाठी ठेवावी. नवे लघुरूप आले, की त्याचा पूर्ण शब्द, मराठी अर्थ आणि त्याने आपल्यावर येणारी मुदत किंवा जबाबदारी, असे तीन रकाने भरावेत. हे काम सुट्टीत घरी आलेल्या मुलामुलींकडे द्यावे. त्यांना धंदा कळेल आणि आपल्याला इंग्रजी. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी ‘या अक्षरांचा पूर्ण शब्द लिहून द्या’ असे समोरच्यास सांगण्यात संकोच बाळगू नये. माझ्या नोकरीच्या काळात असे विचारणारे खातेदार थोडे होते. पण त्यांच्यासमोर कागद ठेवताना आम्ही अधिकारीही तो आधी नीट वाचून येत असू.